१७६६३१९०४९ : एका संख्येचे गणित आणि तिच्या श्रेयाचा प्रश्न

सारांश

इ.स. ११५० मध्ये भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात १७६६३१९०४९ ही संख्या एका उदाहरणाचे उत्तर म्हणून आली. पाचशे वर्षांनंतर, १६५७ मध्ये, हेच उदाहरण फ्रान्समध्ये आव्हान म्हणून मांडले गेले. मात्र ज्या समीकरणाचे हे उत्तर आहे, त्याला नाव मिळाले ते या दोन्ही घटनांशी संबंध नसलेल्या जॉन पेल या इंग्रज गणितज्ञाचे. प्रस्तुत निबंधात या संख्येची अंतर्गत रचना तपासून तिच्या आधारे पद्धती, सिद्धता आणि नामकरण या तीन बाबींचे श्रेय कोणाकडे किती जाते याचा विचार केला आहे.

प्रस्तावना

प्राचीन भारतीय गणिताविषयी महाविद्यालयीन वर्तुळात दोन टोकाच्या भूमिका आढळतात. आधुनिक गणितातील सर्व काही आपल्या पूर्वजांना आधीच ज्ञात होते, अशी एक भूमिका आहे. भारतीय ग्रंथांत केवळ हिशेबाच्या युक्त्या आहेत, शास्त्र नाही, अशी दुसरी. दोन्ही भूमिका बहुधा मूळ उदाहरण न सोडवताच घेतल्या जातात. इतिहासाचा निर्णय साधनांच्या आधारे व्हावयास हवा आणि गणिताच्या इतिहासात प्रत्यक्ष आकडेमोड हे प्रथम दर्जाचे साधन आहे. याच दृष्टीने येथे एकाच संख्येची निवड केली आहे.

ही संख्या आहे १,७६,६३,१९,०४९ म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. तिचा वर्ग केला आणि २२,६१,५३,९८० या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणले, तर एकोणीस अंकी दोन संख्या मिळतात आणि त्यांच्यात फक्त १ चा फरक असतो. अशी जोडी शोधणे हा प्रश्न आजच्या चिन्हांत पुढीलप्रमाणे मांडता येतो :

क्ष² − ६१य² = १

क्ष आणि य हे धन पूर्णांक असले पाहिजेत, एवढीच अट आहे. ६१ च्या जागी ६० घेतल्यास उत्तर ३१ आणि ४ असे येते; ६२ घेतल्यास ६३ आणि ८. ही उत्तरे तोंडी तपासता येतात. मधल्या ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तरच दहा अंकी आहे. एकेक संख्या घेऊन पाहणाऱ्याला य च्या बावीस कोटींहून अधिक किमती तपासाव्या लागतील. म्हणून ज्याने हे उत्तर हाताने काढले त्याच्याजवळ निश्चित पद्धती होती, असे अनुमान निःशंकपणे काढता येते.

वर्गप्रकृतीची परंपरा

भारतीय ग्रंथांत या प्रकारच्या प्रश्नाला 'वर्गप्रकृती' म्हटले आहे. ६१ ही 'प्रकृती', य हे 'कनिष्ठ' किंवा 'ह्रस्व' मूळ, क्ष हे 'ज्येष्ठ' मूळ आणि प्रकृतीने गुणलेल्या कनिष्ठाच्या वर्गात जी संख्या मिळवल्यावर ज्येष्ठाचा वर्ग होतो ती 'क्षेप' होय. क्षेप धन असेल किंवा ऋणही असेल. अंतिम उद्दिष्ट क्षेप १ मिळवण्याचे.

या विषयाचा पाया ब्रह्मगुप्त यांनी 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' (इ.स. ६२८) या ग्रंथात घातला. त्यांचा मुख्य शोध म्हणजे 'भावना'. एकाच प्रकृतीची दोन उत्तरे, मग त्यांचे क्षेप वेगळे असले तरी, एकत्र करून तिसरे उत्तर तयार करण्याची ही रीत आहे. दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात प्रकृती व दोन्ही कनिष्ठे यांचा गुणाकार मिळवला की नवे ज्येष्ठ मिळते. एकाचे ज्येष्ठ व दुसऱ्याचे कनिष्ठ असे तिरकस गुणाकार करून बेरीज घेतली की नवे कनिष्ठ मिळते. या तिरकस गुणाकाराला 'वज्राभ्यास' अशी अन्वर्थक संज्ञा आहे. नवा क्षेप हा दोन्ही क्षेपांचा गुणाकार असतो. क्षेप −१, ±२ किंवा ±४ आला की भावनेच्या साहाय्याने क्षेप १ पर्यंत कसे जावे, हेही ब्रह्मगुप्त यांनी सांगितले. प्रकृती ९२ असलेला प्रश्न वर्षभरात सोडवील तो गणक, असे त्यांनी म्हटले आहे. त्याचे उत्तर ११५१ आणि १२० असे आहे.

ब्रह्मगुप्त यांच्या रीतीत एक उणीव होती. क्षेप ±१, ±२ किंवा ±४ असलेले उत्तर आधी हाती यावे लागे आणि ते कसे मिळवावे याचा सर्वसामान्य मार्ग नव्हता. ही उणीव 'चक्रवाल' पद्धतीने भरून काढली. तिचे सर्वांत जुने ज्ञात विवेचन आचार्य जयदेव यांचे आहे. जयदेवांचा ग्रंथ उपलब्ध नाही. परंतु उदयदिवाकर यांनी इ.स. १०७३ मध्ये 'लघुभास्करीय' ग्रंथावर लिहिलेल्या 'सुंदरी' टीकेत त्यांचे श्लोक उद्धृत केले आहेत. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ते प्रकाशात आणले. त्यामुळे चक्रवाल पद्धतीचे आद्य प्रवर्तक भास्कराचार्यच, हा पूर्वीचा समज आता सोडून द्यावा लागतो.

भास्कराचार्यांचे उदाहरण

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ.स. १११४) मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. 'बीजगणित' हा त्याचाच भाग मानला जातो. चक्रवालाच्या विवेचनात त्यांनी ६७ आणि ६१ या दोन प्रकृतींची उदाहरणे दिली. ६१ चे उदाहरण पुढीलप्रमाणे सुटते.

प्रथम कनिष्ठ १ धरले. ६१ ला जवळचा वर्ग ६४. म्हणून ज्येष्ठ ८ आणि क्षेप ३. आता असा गुणक शोधावयाचा की तो ८ मध्ये मिळवल्यास बेरजेला ३ ने निःशेष भाग जाईल आणि त्याचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असेल. पहिली अट ४, ७, १० इत्यादी संख्या पूर्ण करतात. दुसरी अट लावल्यावर ७ उरतो. त्यावरून नवे कनिष्ठ (८ + ७) ÷ ३ = ५; नवे ज्येष्ठ (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९; आणि नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. पडताळा असा : ३९ चा वर्ग १५२१ आणि ६१ × २५ = १५२५.

क्षेप −४ येताच ब्रह्मगुप्त यांची भावना उपयोगी पडते. मुळांना २ ने भागले की ज्येष्ठ ३९/२, कनिष्ठ ५/२ आणि क्षेप −१ होतो. याची याच्याशीच भावना केली असता ज्येष्ठ १५२३/२, कनिष्ठ १९५/२ आणि क्षेप १ मिळतो. क्षेप इष्ट असला तरी मुळे अपूर्णांकात आहेत. म्हणून या उत्तराची पुन्हा आधीच्या उत्तराशी भावना केली. त्यातून ज्येष्ठ २९७१८, कनिष्ठ ३८०५ आणि क्षेप −१ आला. येथे अपूर्णांक नाहीसे झाले. आता या उत्तराची स्वतःशीच भावना केली की क्षेप १ होतो आणि ज्येष्ठ १७६६३१९०४९, कनिष्ठ २२६१५३९८० ही जोडी मिळते.

चक्रवालाचा एक फेरा आणि भावनेचे तीन प्रयोग, एवढ्यात काम झाले. भावनेचा आधार न घेता केवळ चक्रवाल चालवत राहिल्यास क्षेप क्रमाने ३, −४, −५, ५, ४, −३, −१ असे येतात. सातव्या टप्प्यावर तीच २९७१८ व ३८०५ ही मुळे भेटतात आणि चौदाव्या टप्प्यावर अंतिम उत्तर मिळते. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचता येते, यावरून पद्धतीची सुसंगती दिसते.

संख्येची अंतर्गत रचना

या संख्येचे आजच्या संख्या सिद्धांताच्या दृष्टीने परीक्षण केले असता काही लक्षणीय गोष्टी आढळतात. तिचे मूळ अवयव असे आहेत :

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

यातील १५२३ ही संख्या वर येऊन गेलेली आहे. भास्कराचार्यांच्या रीतीत मधल्या पायरीवर जे ज्येष्ठ मूळ १५२३/२ आले, त्याचाच अंश अंतिम उत्तराचा अवयव म्हणून शिल्लक राहिला आहे. हा योगायोग नव्हे. १५२३/२ व १९५/२ या जोडीची स्वतःशी दोनदा भावना केल्यास, म्हणजे ती जोडी तीन वेळा एकत्र केल्यास, हेच अंतिम उत्तर मिळते. बीजगणिताने मांडणी केल्यास ज्येष्ठ मूळ १५२३ × (१५२३² − ३) ÷ २ आणि कनिष्ठ मूळ १९५ × (१५२३² − १) ÷ २ असे येते. प्रत्यक्ष किमती काढल्यावर पुढील मांडणी मिळते :

१७६६३१९०४९ = १५२३ × ११५९७६३
२२६१५३९८० = १९५ × ११५९७६४

दोन्ही मुळांतील मोठे अवयव एकमेकांच्या लगतच्या संख्या आहेत. उत्तर ज्या मार्गाने आले त्या मार्गाची खूण त्याच्या अवयवांत अशी उमटलेली दिसते.

दुसरे वैशिष्ट्य या संख्येच्या शेजाऱ्यांचे. तिच्यातून १ वजा केल्यास २ × २९७१८² मिळते आणि तिच्यात १ मिळवल्यास २ × ६१ × ३८०५² मिळते. म्हणजे शेवटच्या आधीच्या पायरीवरील दोन्ही मुळे या संख्येच्या दोन बाजूंना वर्गरूपाने उभी आहेत. कारण क्षेप −१ असलेल्या उत्तराची स्वतःशी भावना केली की नवे ज्येष्ठ हे जुन्या ज्येष्ठाच्या वर्गाच्या दुपटीहून नेमके १ ने अधिक असते. याच रूपातून आणखी एक निष्कर्ष निघतो. एखाद्या वर्गाच्या दुपटीत १ मिळवून झालेल्या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ३ च उरते, असा संख्या सिद्धांतातील परिचित नियम आहे. प्रस्तुत संख्येच्या ११, ५९, १५२३ आणि १७८७ या चारही अवयवांना ८ ने भागल्यास बाकी ३ उरते.

तिसरी बाब उपयोगाची आहे. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागल्यास ६१ चे वर्गमूळ मिळते आणि त्यातील चूक एक भागिले दहाचा सतरावा घात यापेक्षाही कमी असते. वर्गप्रकृतीचा उपयोग वर्गमुळाच्या आसन्न किमतीसाठी करता येतो, हे 'गणितकौमुदी' (इ.स. १३५६) लिहिणाऱ्या नारायण पंडितांनी स्पष्टपणे मांडले.

फर्मा यांचे आव्हान आणि पेल यांचे नाव

फेब्रुवारी १६५७ मध्ये पिएर द फर्मा यांनी युरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील, गणितज्ञांपुढे हाच प्रश्न सर्वसामान्य स्वरूपात ठेवला : वर्ग नसलेली कोणतीही संख्या दिली असता असे पूर्णांक वर्ग शोधावेत. फ्रेनिकल यांना लिहिताना त्यांनी उदाहरणादाखल ६१ आणि १०९ या संख्या सुचवल्या आणि फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या निवडल्याचे म्हटले. यात मिस्किलपणा आहे. कारण १०९ साठी ज्येष्ठ मूळ १५८०७०६७१९८६२४९ इतके मोठे येते. शंभराच्या आतील सर्व संख्यांत सर्वांत मोठे उत्तर ६१ चेच आहे. भास्कराचार्य आणि फर्मा या दोघांनीही ६१ निवडावी, याचे कारण या संख्येच्या अंगभूत काठिण्यात शोधावे लागते. फर्मा यांना भारतीय ग्रंथ ज्ञात होते असे मानण्यास आधार नाही. शहाजहानच्या कारकिर्दीत अताउल्ला रशीदी यांनी १६३४-३५ च्या सुमारास 'बीजगणित' फारसीत आणले होते. परंतु युरोपीय भाषेत ते एडवर्ड स्ट्रेची यांच्या १८१३ च्या इंग्रजी भाषांतराने गेले आणि मूळ संस्कृतावरून हेन्री टॉमस कोलब्रुक यांचे भाषांतर १८१७ मध्ये निघाले.

इंग्लंडमध्ये आव्हान पोहोचले तेव्हा उत्तर पूर्णांकातच हवे ही अट नीट कळली नव्हती. त्यामुळे विल्यम ब्राउंकर यांनी प्रथम अपूर्णांकातील सोपी उत्तरे पाठवली. अट स्पष्ट झाल्यावर त्यांनी पद्धती शोधली आणि जॉन वॉलिस यांनी १६५८ मध्ये हा सारा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. पुढे फ्रेनिकल यांनी ३१३ ही संख्या दिली असता ब्राउंकर यांनी एक-दोन तासांत उत्तर काढले.

या हकिकतीत जॉन पेल कोठेही येत नाहीत. लेऑनहार्ड ऑयलर यांनी १७३० मध्ये गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात ब्राउंकर यांच्या रीतीचे श्रेय पेल यांना दिले आणि ऑयलर यांच्या अधिकारामुळे 'पेलचे समीकरण' हे नाव रूढ झाले. हे नामकरण ब्रह्मगुप्त, जयदेव व भास्कराचार्य यांच्यावर जितका अन्याय करते, तितकाच ब्राउंकर आणि फर्मा यांच्यावरही करते. त्यामागे भारतीय परंपरा दडपण्याचा हेतू शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. कारण १७३० मध्ये ऑयलर यांच्यासमोर ती परंपरा नव्हतीच. मात्र १८१७ नंतरही हेच नाव पाठ्यपुस्तकांत राहिले, याला अज्ञानाचे कारण पुरत नाही.

सिद्धतेचा प्रश्न

पद्धती माहीत असणे आणि ती प्रत्येक वेळी यशस्वी होईल हे सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भास्कराचार्यांनी दिलेली जोडी क्षणात पडताळता येते. परंतु तिच्याहून लहान जोडी नाही, किंवा कोणत्याही प्रकृतीसाठी चक्र फिरत फिरत क्षेप १ वर येईलच, याची सिद्धता 'बीजगणित' ग्रंथात नाही. ब्राउंकर आणि वॉलिस यांच्याकडेही ती नव्हती. फर्मा यांनी ती आपल्याजवळ असल्याचे १६५९ मध्ये कळवले, पण लिहून ठेवली नाही. परंपरित अपूर्णांकांच्या, म्हणजे छेदात पुन्हा अपूर्णांक असलेल्या अखंड मालिकेच्या, आधारे ती सिद्धता लाग्रांज यांनी १७६८ च्या सुमारास दिली. ६१ च्या वर्गमुळाच्या या मालिकेत अकरा पदे पुन्हा पुन्हा येतात. अकरा ही विषम संख्या असल्याने एका आवर्तनानंतर क्षेप −१ मिळतो आणि क्षेप १ साठी दोन आवर्तने, म्हणजे बावीस टप्पे, लागतात. चक्रवालाला चौदा टप्पे लागतात हे वर आलेच आहे.

हेरमान हांकेल यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या गणितेतिहासात लाग्रांजपूर्व संख्या सिद्धांतातील सर्वोत्तम कार्य म्हणून चक्रवालाचा गौरव केला. तरीही चक्रवाल म्हणजे लाग्रांज यांच्या रीतीचेच कच्चे रूप, असे दीर्घकाळ मानले गेले. म्हैसूरचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये हा समज दूर केला. चक्रवालामागे वेगळ्या प्रकारचा परंपरित अपूर्णांक असून तो नेहमी उत्तरापर्यंत पोहोचतो, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे १९७५ मध्ये सेलेनियस यांनी टप्पे कमीत कमी ठेवण्याचे या पद्धतीचे वैशिष्ट्य विस्ताराने मांडले. भारतीय पद्धतीची सिद्धता आठशे वर्षांनी का होईना, भारतीय महाविद्यालयातील एका अध्यापकाने दिली, ही बाब अध्यापकवर्गाच्या विशेष लक्षात राहावी अशी आहे.

महाराष्ट्राचा संबंध

चाळीसगावजवळील पाटणे येथील भवानीच्या देवळातील शिलालेख (शके ११२८, इ.स. १२०७) डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणून १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. यादवराजा सिंघण याच्या पदरी असलेले ज्योतिषी चांगदेव हे भास्कराचार्यांचे नातू. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी मठ स्थापला आणि निकुंभवंशीय सोइदेव याने त्याला दान दिले, असे या लेखावरून कळते. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. दानाचा तपशील देणारा अखेरचा भाग मात्र मराठीत आहे. जे उत्पन्न मठासाठी लावून दिले ते स्थानिक लोकांना कळावे, हा त्यामागील हेतू उघड आहे. म्हणजे या गणिताच्या अध्यापनाला ज्ञात संस्थात्मक आधार मिळाला तो खानदेशात, आणि त्याची नोंद मराठीच्या आद्य शिलालेखांपैकी एकात झाली. पुढे गोदावरीकाठच्या पार्थपूर येथील सूर्यदास यांनी १५३८ मध्ये 'बीजगणित' ग्रंथावर 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली. परंपरा टीकांच्या रूपाने टिकली. मात्र नव्या सिद्धतांच्या रूपाने ती वाढली नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१७६६३१९०४९ या संख्येच्या अभ्यासातून श्रेयाची विभागणी पुरेशी स्पष्ट होते. उत्तरे एकत्र करण्याचा नियम ब्रह्मगुप्त यांचा, चक्रवालाचे आद्य ज्ञात विवेचन जयदेवांचे, ६१ चे पूर्ण सोडवलेले उदाहरण भास्कराचार्यांचे, युरोपातील स्वतंत्र पुनःशोध फर्मा व ब्राउंकर यांचा, सर्वसामान्य सिद्धता लाग्रांज यांची आणि चक्रवालाची सिद्धता कृष्णस्वामी अय्यंगार यांची. पेल यांच्या वाट्याला केवळ नाव येते.

या विभागणीत कोणाचेही मोठेपण कमी होत नाही. सिद्धता नव्हती म्हणून पद्धतीचे मोल घटत नाही. आणि पद्धती आधी होती म्हणून सिद्धतेचे श्रेय हिरावून घेता येत नाही. अध्यापनात 'पेलचे समीकरण' हे रूढ नाव टाळणे अवघड असले, तरी त्यासोबत 'वर्गप्रकृती' ही संज्ञा देणे सहज शक्य आहे. वर दिलेले उदाहरण फळ्यावर एका तासिकेत पूर्ण होते. त्यासाठी बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे काही लागत नाही. परंपरेविषयी अभिमान किंवा शंका व्यक्त करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी ते एकदा स्वतः सोडवावे, हीच या संख्येच्या इतिहासाची खरी उपयुक्तता होय.